आधी पुस्तक, मग वाद

मराठीच्या एम.ए.ला समीक्षेचा पेपर म्हटला की पोरे गाइड शोधायला लागतात. रूपवाद, मार्क्सवाद, संरचनावाद. प्रत्येकाची पाच वैशिष्ट्ये, दोन मर्यादा, आणि झाले! त्यामागे काही पक्के गैरसमज आहेत.

गैरसमज : समीक्षा म्हणजे ज्याची त्याची आवड. ती शिकायची कशाला?

वस्तुस्थिती : केंब्रिजला आय. ए. रिचर्ड्स यांनी हे पडताळूनच पाहिले. कवींची नावे झाकून कविता विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या आणि मते लिहून मागवली. चांगल्या शिकल्यासवरल्या मुलांपैकी अनेकांनी जॉन डनची कविता झिडकारली आणि सुमार कवितांना डोक्यावर घेतले. कित्येकांना ओळींचा सरळ अर्थही लागला नव्हता. काही जण कविता सोडून स्वतःच्या आठवणींतच रमले होते. 1929 च्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्ये हा सगळा पंचनामा आहे.

गैरसमज : सिद्धांत सगळे पाश्चात्त्यांचे, आपण नुसते उसनवार.

वस्तुस्थिती : नाट्यशास्त्रकार भरताच्या एका रससूत्रावर लोल्लट, शंकुक, भट्टनायक आणि अभिनवगुप्त शतकानुशतके भांडले, ते काय उगाच? आणि स्त्रीवादी समीक्षेचे म्हणाल, तर केट मिलेटचे ‘सेक्शुअल पॉलिटिक्स’ आले 1970 मध्ये. ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ 1882 मध्येच छापली. तीत पुराणांतल्या आणि नाटकांतल्या बायका पुरुषांनी कशा रंगवल्या, याचा जाब विचारला आहे. आपण मात्र ते पुस्तक समाजसुधारणेच्या खात्यावर टाकून मोकळे होतो.

गैरसमज : भाषा जितकी जड, तितकी समीक्षा खोल.

वस्तुस्थिती : मुळीच नाही.

गैरसमज : नवा वाद आला की जुना बाद.

वस्तुस्थिती : रूपवादी समीक्षक मर्ढेकरांचा भर कलाकृतीच्या रचनेतल्या लयीवर : संवाद, विरोध, समतोल. दलित साहित्याला निव्वळ सौंदर्याचे निकष पुरत नाहीत, हे शरणकुमार लिंबाळे यांनी 1996 मध्ये ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’मध्ये ठासून मांडले. म्हणून रचनेचा प्रश्न निकालात निघाला का? दया पवारांचे ‘बलुतं’ (1978) उघडा. तिथे दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो, ती दया पवार या लेखकालाच! माणूस एकच, पण शिकून पांढरपेशा झालेला वेगळा आणि गावकुसाबाहेरचा वेगळा. जातीने केलेली ही फाळणी निवेदनाच्या रचनेतच उतरली आहे. नुसता समाजशास्त्रीय चष्मा लावला तर ही रचना निसटते, नुसता रूपवादी लावला तर तिच्यामागची जात.

तेव्हा परीक्षार्थींनो, गाइड मिटा. आधी ‘बलुतं’ वाचा, मग लिंबाळे आणि मर्ढेकर.