पान किती टक्के पिवळं?

सुरुवातीलाच माफी मागतो. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ बघायचं काम संपादक मंडळावर सोडतोय. पण ही गोष्ट मराठीतच सांगायची आहे, कारण ती घडली मराठीत, हॉस्टेलच्या रूमवर, रात्री दीड वाजता, मॅगी खाता खाता.

माझ्या रूम पार्टनरचे वडील लातूर जिल्ह्यात सोयाबीन करतात. सोयाबीनवर पिवळा मोझॅक नावाचा रोग येतो. तो विषाणूचा रोग आहे आणि पांढरी माशी तो पसरवते. हिरव्या पानावर पिवळे चट्टे पडतात, शेंगा कमी लागतात. यंदा काकांनी दोन पट्टे शेजारी शेजारी पेरले होते. एकात नेहमीचं बियाणं, दुसऱ्यात नवीन आणि महाग. नव्यावर रोग कमी दिसला तर पुढच्या वर्षी पाचही एकरांत तेच पेरायचं, असा त्यांचा विचार होता. ऑगस्टमध्ये पार्टनर घरी गेला तेव्हा त्याने दोन्ही पट्ट्यांतली ६०-६० पानं तोडली, पांढऱ्या कागदावर ठेवली आणि एकाच उंचीच्या स्टुलावरून मोबाइलने फोटो काढून आणले.

आता पान किती पिवळं आहे हे कसं ठरवायचं? आम्ही तिघांनी एकच फोटो पाहिला. एक म्हणाला २० टक्के, दुसरा ३५, तिसरा म्हणाला, "अर्धं तर गेलंच की!" डोळ्यांचा भरवसा तिथेच संपला.

म्हणजे पिक्सेल मोजणं आलं. फोटो म्हणजे बारीक चौकोनांची रांगोळी आणि त्यातला एक चौकोन म्हणजे पिक्सेल. ४००० गुणिले ३००० चा फोटो असेल तर १ कोटी २० लाख पिक्सेल. सेकंदाला एक मोजला तर न झोपता जवळजवळ १३९ दिवस लागतील, तेही एका पानाला. आपल्या सबमिशनची तारीख त्याआधी असते.

यासाठी इमेजजे नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये वेन रासबँड यांनी १९९७ मध्ये ते सुरू केलं. जगभर लॅबमध्ये पेशी मोजायला ते वापरतात, मग आपण पानं मोजायला काय हरकत आहे?

पहिली अडचण रंगाची. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात, ० ते २५५. पानावर सावली पडली की तिन्ही आकडे एकदम उतरतात, त्यामुळे "पिवळा" नक्की कुठे हे सापडत नाही. म्हणून फोटो दुसऱ्या पद्धतीत बदलायचा. त्यातही तीनच आकडे असतात, पण वेगळे. रंग कोणता, रंग किती गडद आणि उजेड किती. रंगाचा आकडा गोल फिरतो. इमेजजेमध्ये लाल ०, पिवळा साधारण ४२, हिरवा ८५, निळा १७०. आता सावलीने मुख्यतः उजेडाचा आकडा हलतो, रंगाचा फारसा नाही.

मग दोन चाळण्या लावल्या. पहिली गडदपणाची. पांढऱ्या कागदाला रंग जवळजवळ नसतोच, तो खाली पडतो आणि पान वर राहतं. दुसरी रंगाची. त्या पानातले ३० ते ५२ मधले पिक्सेल म्हणजे पिवळे. पिवळे भागिले पूर्ण पान, की टक्केवारी आली. भागाकार असल्यामुळे पान लहान की मोठं याने फरक पडत नाही.

हे १२० वेळा हाताने कोण करणार? इथे मॅक्रो कामाला येतो. मॅक्रो म्हणजे सॉफ्टवेअरला लिहून दिलेली कामांची यादी. इमेजजेमध्ये रेकॉर्डर चालू करा आणि एका फोटोवर सगळं हाताने करा. प्रत्येक क्लिकची ओळ आपोआप लिहिली जाते. मग त्या ओळींना "या फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलसाठी" असा लूप घालायचा आणि बॅच मोड चालू करायचा, म्हणजे खिडक्या उघडत-मिटत बसत नाहीत आणि वेळ वाचतो. शेवटी फाइलचं नाव, पानाचे पिक्सेल, पिवळे पिक्सेल असा तक्ता सेव्ह करायचा. लूप दोनदा बोंबलला, तिसऱ्यांदा चालला. मॅगी संपायच्या आत १२० पानं मोजून झाली!

आणि निकाल काय! नवीन बियाणं कितीतरी हिरवं. पार्टनरने रात्रीच घरी फोन लावायला घेतला. मी म्हटलं, सकाळी सरांना दाखवू, मग कर.

सरांनी टक्केवारी बघितलीच नाही. पानाच्या पिक्सेलचा रकाना बघितला आणि विचारलं, "अरे, नेहमीच्या बियाण्याचं पान नव्यापेक्षा दुप्पट मोठं असतं का?"

नसतं. आम्ही फोटो पुन्हा उघडले. नव्या पट्ट्याची पानं दुपारी अंगणात काढलेली. जुन्याची संध्याकाळी घरात, पिवळ्या बल्बखाली. त्या उजेडात कागदाचा एक कोपराच पिवळट झाला होता. मॅक्रोने तो पान म्हणून मोजला आणि वर पिवळा म्हणूनही मोजला! त्याची काहीच चूक नव्हती. आम्ही जे सांगितलं तेच त्याने ६० वेळा इमानदारीने केलं.

मला खरी लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. लूप लिहिताना मी रंगाची हद्द थोडी इकडेतिकडे सरकवून पाहिली होती आणि फरक जिथे जास्त दिसला तिथे ती ठेवली होती. निकाल आम्हाला हवाच होता, म्हणून कुणी प्रश्न विचारला नाही.

पार्टनर पुढच्या रविवारी पुन्हा गावी गेला. या वेळी दोन्ही पट्ट्यांची पानं आलटून पालटून, दुपारी, एकाच सावलीत. पान निवडायचं नाही, प्रत्येक झाडाचं वरून तिसरं घ्यायचं. १० पानांवरचे पिवळे भाग काकांनी स्वतः पेनाने आखून दिले. त्यांवरून हद्द ठरवली आणि मग तिला हात लावला नाही.

दोन पट्ट्यांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

पार्टनरने तसंच घरी सांगितलं. काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बरं झालं बाबा, महागाचं बियाणं जादा नाही सांगून ठेवलं."

मॅक्रो कुणाला हवा असेल तर आमच्या रूमवर या, पेन ड्राइव्ह घेऊन. फक्त आधी चार फोटो स्वतःच्या डोळ्यांनी मोजा. आणि मॅगी तुमची.