सर्व्हरचे दरवाजे आणि त्यांची रोजकीर्द

वखारीची किल्ली कोणाकडे आहे, हे कोणत्याही कापड व्यापाऱ्याला विचारा. तो झोपेतही सांगेल. पण त्याची उधारीची खाती ज्या सर्व्हरवर आहेत, त्याचे कोणते दरवाजे उघडे आहेत हे विचारले तर तो गप्प बसतो. आम्हीही असेच गप्प बसलो होतो.

आता अनेक पेढ्यांचे हिशेब भाड्याच्या सर्व्हरवर असतात. यालाच क्लाउड म्हणतात. अ‍ॅमेझॉनने २०१६ साली मुंबईतही अशी सोय सुरू केली. सर्व्हरला पोर्ट नावाचे, क्रमांक दिलेले दरवाजे असतात. ४४३ सुरक्षित वेबसाइटचा, २२ दुरून सर्व्हरची देखभाल करणाऱ्याचा, ३३०६ मायएसक्यूएल या डेटाबेसचा. कोणत्या पत्त्यावरून आलेल्याला कोणत्या दरवाजाने आत घ्यायचे, हे फायरवॉल ठरवते. अ‍ॅमेझॉनकडे या पहारेकऱ्याचे नाव सिक्युरिटी ग्रुप. आपण नवा ग्रुप तयार केला की बाहेरून कोणालाच प्रवेश नसतो. जेवढ्या परवानग्या लिहाल तेवढेच दरवाजे उघडतात.

घोटाळा होतो तो घाईत, हाताने दिलेल्या परवानगीने. दोन वर्षांपूर्वी ऐन लगीनसराईत आमच्या हिशेबनिसाला घरून काम करायचे होते. संगणक पाहणाऱ्या मुलाने ३३०६ हा दरवाजा ०.०.०.०/० या पत्त्याला उघडून दिला. याचा अर्थ, साऱ्या जगाला! काम एका संध्याकाळचे होते, दरवाजा सात महिने उघडा राहिला. नुकसान झाले नाही हे आमचे नशीब. जानेवारी २०१७ मध्ये मोंगोडीबी प्रकारचे, इंटरनेटवर पासवर्डाविना उघडे पडलेले हजारो डेटाबेस चोरांनी पुसून टाकले आणि बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली. पैसे भरूनही अनेकांना माहिती परत मिळाली नाही.

यावर उपाय म्हणजे परवानग्या कोडमध्ये लिहिणे. त्यासाठी २०१४ साली निघालेले टेराफॉर्म हे साधन बरेच वापरले जाते. एका फाइलीत प्रत्येक परवानगी लिहायची: पोर्ट कोणता, पत्ता कोणाचा, कारण काय. मग ‘प्लॅन’ हा हुकूम दिला की काय बदलणार ते आधी दिसते. ‘अप्लाय’ दिला की बदल होतो. ही फाइल गिटमध्ये ठेवली म्हणजे कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद राहते. आपल्या रोजकीर्दीसारखेच हे आहे. खाडाखोड लपत नाही आणि दुसऱ्या माणसाला तपासता येते.

मात्र वही ठेवली म्हणजे चोरी थांबली, असे समजू नये. परवानग्या ग्रुपच्या नोंदीतच लिहिल्या असतील, तर कोणी हाताने वाढवलेली परवानगी टेराफॉर्मला दिसते आणि पुढच्या ‘अप्लाय’ला ती निघून जाते. पण प्रत्येक परवानगी स्वतंत्र नोंद म्हणून लिहिली असेल, तर हाताने वाढवलेली परवानगी त्याच्या नजरेला पडतच नाही. दोन्ही पद्धती एकाच ग्रुपवर मिसळल्या तर त्या एकमेकींच्या नोंदी पुसू लागतात. आपल्याकडे कोणती पद्धत आहे, हे आपल्या माणसाला जरूर विचारावे.

आमच्या पेढीत आता हे नियम आहेत:

१) साऱ्या जगाला फक्त ४४३ उघडा.
२) २२ फक्त कचेरीच्या पत्त्याला.
३) डेटाबेसला परवानगी फक्त आमच्याच वेब सर्व्हरच्या ग्रुपची. पत्त्याच्या जागी ग्रुपचे नाव देता येते.
४) प्रत्येक परवानगीपुढे कारण, आणि तात्पुरती असेल तर बंद करण्याची तारीख. तारीख आली म्हणून दरवाजा आपोआप मिटत नाही. ती पाहणारा माणूस नेमावा.
५) हाताने बदल करण्याचा अधिकार एकाच माणसाला, तोही अडचणीच्या वेळी.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आम्ही ती फाइल छापून घेतो आणि उधारीच्या यादीशेजारी ठेवून वाचतो. कोड आम्हाला लिहिता येत नाही. पण कोणत्या परवानगीपुढे कारण लिहिलेले नाही, एवढे नक्की कळते.