कीटकांचा हजेरीपट

जर्मनीच्या पश्चिम भागात, ऱ्हाइन नदीच्या काठी क्रेफेल्ड नावाचे शहर आहे. रेशीम आणि मखमल विणणाऱ्या कोष्ट्यांचे गाव ही त्याची जुनी ख्याती. (रेशीम ही देखील एका किड्याचीच कमाई, हे जाता जाता सांगितले पाहिजे.) ह्या गावात कीटकांची हौस असलेल्या माणसांनी १९०५ साली एक मंडळ काढले; ते आजही चालू आहे. त्यातले बहुतेक सभासद पेशाने शास्त्रज्ञ नव्हेत. पोटाचा उद्योग निराळा, आणि फावल्या वेळात रानोमाळ हिंडून किडे गोळा करावयाचे.

आजच्या विषयाच्या आरंभीच आम्ही ह्या मंडळींची हकीकत सांगतो, त्याला कारण आहे. दिव्याभोवती पूर्वीसारखी पाखरे जमत नाहीत, रात्रीच्या प्रवासानंतर मोटारीची काच पूर्वीसारखी किड्यांनी बरबटत नाही, असे लोक पुष्कळ दिवस बोलत होते. पण बोलणे म्हणजे पुरावा नव्हे. कामगार चळवळीत आमची उमेद खर्ची पडली. तेथे आम्ही एवढे शिकलो की तक्रार कितीही खरी असली, तरी हजेरीपट आणि पगारपत्रक टेबलावर ठेवल्याखेरीज समोरचा मालक कान देत नाही. कीटकांचा हजेरीपट ह्या क्रेफेल्डकरांनी ठेवला.

त्यांचे हत्यार म्हणजे जाळीचा एक तंबू. रने मॅलेझ हे स्वीडनचे कीटकशास्त्रज्ञ. तंबूत शिरलेले किडे बाहेर पडण्यासाठी वरच्या कोपऱ्याकडे धावतात, हे त्यांच्या ध्यानी आले, आणि त्यावरून त्यांनी सापळा बनविला. १९३४ साली ब्रह्मदेशाच्या सफरीत त्यांनी तो वापरून पाहिला. उडता कीटक उभ्या जाळीवर थडकला की वर चढू लागतो. टोकाला मद्यार्काची बाटली लावलेली असते, तीत तो पडतो. एकेक जीव ओळखून मोजू गेले तर जन्म पुरायचा नाही. म्हणून मंडळाने बाटलीतल्या ऐवजाचे वजन केले. तराजू सर्वांनाच कळतो!

१९८९ पासून २०१६ पर्यंत एकाच बनावटीचे सापळे ६३ संरक्षित क्षेत्रांत लावले गेले. सारे मिळून सुमारे ५३ किलो कीटक जमले. २०१७ च्या ऑक्टोबरात हिशेब प्रसिद्ध झाला. २७ वर्षांत उडत्या कीटकांचे वजन ७६ टक्क्यांनी घटले होते, आणि ऐन उन्हाळ्यात, म्हणजे त्यांच्या भरभराटीच्या दिवसांत, ८२ टक्क्यांनी. रुपयातले चार आणे उरले, आणि तेही राखीव रानात.

ह्या हिशेबावर आक्षेप आले, आणि ते ऐकून घेतले पाहिजेत. पुष्कळ ठिकाणी सापळा एकाच वर्षी लावलेला होता. २०२० साली निरनिराळ्या देशांतल्या १,६७६ ठिकाणांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा जमिनीवरील कीटकांची घट दर दहा वर्षांस सुमारे ९ टक्के निघाली. गोड्या पाण्यातले कीटक मात्र सुमारे ११ टक्क्यांनी वाढत होते. नद्या स्वच्छ करण्याचे जे प्रयत्न झाले त्यांचे हे फळ असावे, असे त्या शास्त्रज्ञांना वाटते. म्हणजे माणसाचा हात दोन्ही बाजूंना आहे.

मोडणारा हात कोणता? नुसत्या हवामानाने क्रेफेल्डच्या आकड्यांचा उलगडा होत नाही. पण त्या राखीव रानांपैकी ९४ टक्के रानांना शेतीचा वेढा आहे. बांध नाहीसे झाले, फुलांची कुरणे एका पिकाखाली गेली, रात्री दिव्यांनी उजळल्या, आणि त्यावर विष. निकोटिनच्या जातीची नवी विषे बियाण्यालाच चोळतात. पीक त्यातले थोडेच शोषते, उरलेले मातीत आणि पाण्यात जाते. जे पिकात शिरते ते फुलाच्या परागापर्यंत पोहोचते, आणि मधमाशी घरची वाट चुकते. युरोपीय संघाने अशा तीन विषांचा उघड्या शेतातील वापर २०१८ साली बंद केला.

विष किड्यापाशी थांबत नाही, हे महाराष्ट्राला सांगावयास नको. २०१७ सालीच, क्रेफेल्डचा हिशेब छापला जात असताना, यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध मारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो इस्पितळात पडले. पुष्कळांना हातमोजे नाहीत, तोंडावर धड फडके नाही. औषधांच्या जाती निराळ्या असतील, पण पाठीवर पंप घेणाऱ्याचे नाव कीटकनाशकाच्या नफ्यातोट्यात कोठेच नसते, आणि मधमाशीचेही नसते.

पुढे काय झाले? २०१९ च्या फेब्रुवारीत, कडाक्याच्या थंडीत, बव्हेरिया प्रांतातले लोक कीटकरक्षणाच्या कायद्याच्या मागणीवर सही करण्यासाठी नगरकचेऱ्यांपुढे रांगा लावून उभे राहिले. दोन आठवड्यांत दहा टक्के मतदारांच्या सह्या हव्या होत्या. अठरा टक्क्यांहून अधिक, म्हणजे सतरा लाखांवर झाल्या. कायदा त्याच वर्षी झाला. ओढ्यानाल्यांच्या काठची पाच मीटर जमीन नांगरू नये, असे त्यात एक कलम आहे. शेतकरी चिडले, आणि आमच्या मते त्यांचे चिडणे रास्त होते. पट्टी सोडावयाची त्याने आणि टाळ्या शहराने घ्यावयाच्या, हा कसला न्याय? शेवटी सर्व पक्षांना एका मेजाभोवती बसवावे लागले, आणि शेतकऱ्याच्या भरपाईची तरतूद करणारा जोडकायदा मूळ कायद्याबरोबरच संमत करावा लागला.