जुनं चांदीचं नाणं घासून चकचकीत करू नका!

जुन्या ब्रिटिश नाण्यांच्या छंदात ‘जितकं जुनं तितकं महाग’ हा हिशेब चालत नाही. हाफ क्राउनचंच बघा. 1919 पर्यंत त्यात 92.5 टक्के चांदी होती, 1920 पासून 50 टक्के आणि 1947 पासून शून्य. म्हणजे चांदीचा भाव साल बघून काढता येतो. संग्राहक त्यावर जादा पैसे मोजतो ते दुर्मीळपणासाठी आणि नाण्याच्या अवस्थेसाठी. थॉमस ब्रॉक यांनी घडवलेली, डोक्यावरून ओढणी घेतलेली व्हिक्टोरिया 1893 पासून नाण्यांवर आली. त्यात कपाळावरचे केस आणि ओढणीच्या घड्या आधी झिजतात. तिथे किती बारकावे शिल्लक आहेत, यावरून फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रिमली फाइन अशी चढती प्रत ठरते. अजिबात न झिजलेलं ते अनसर्क्युलेटेड.

‘ही सगळी नजरेची बाब, प्रत्येकाचं मत वेगळं,’ असा आक्षेप येतो. अर्ध्या पायरीचा फरक पडतोच. पण फाइनला कुणी जाणकार अनसर्क्युलेटेड म्हणणार नाही. दुसरा आक्षेप: ‘काळं पडलेलं नाणं साफ केलं तर बिघडलं काय?’ तो काळेपणा बहुधा हवेतल्या गंधकाने चांदीवर धरलेला थर असतो, मळ नव्हे. पॉलिशने थराबरोबर चांदीही जाते. छापताना धातू पसरून उमटलेल्या सूक्ष्म रेषा पुसल्या जातात. दिव्याखाली नाणं तिरकं फिरवलं की या रेषांमुळेच चमक गोल फिरते. घासलेल्या नाण्यावर फक्त ओरखडे दिसतात. झीज मान्य करून योग्य भाव मिळतो, घासलेल्याला मात्र तो मिळत नाही.