उसाच्या ट्रॉलीमागचे लाल डोळे

गळीत हंगामात पुण्याहून सोलापूर रस्त्याने रात्री निघालात, तर उसाने भरलेले ट्रॅक्टर हमखास भेटतात. एका ट्रॅक्टरमागे बहुधा दोन ट्रॉल्या असतात आणि ट्रॅक्टरचा मागचा दिवा उसाच्या भिंतीआड पार लपून जातो. अशी एखादी ट्रॉली बंद पडून रस्त्यात उभी असेल, तर मागून येणाऱ्याला ते कळावे कसे?

थोडे गणित करू. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 17 मीटर. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, तर मोटार 25 मीटर पुढे सरकते. ब्रेकमुळे वेग दर सेकंदाला 5 मीटर प्रतिसेकंदाने घटतो असे मानल्यास थांबायला आणखी 28 मीटर लागतात. एकूण झाले 53 मीटर. तेव्हा ट्रॉली त्याहून बरीच आधी दिसली पाहिजे. म्हणूनच 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ट्रेलरलाही मागे लाल दिवा आणि दोन लाल परावर्तक आवश्यक ठरवले आहेत.

दिव्याला वीज लागते. परावर्तकाला लागत नाही. मग तो चमकतो कसा? साध्या आरशावर तिरपा प्रकाश पडला, तर तो भलतीकडेच जातो. परावर्तकात मात्र खोलीच्या कोपऱ्यासारखे, परस्परांना काटकोनात असलेल्या तीन पृष्ठांचे असंख्य बारीक कोपरे असतात. प्रत्येक पृष्ठ किरणाची एकेक दिशा उलटवते: डावी-उजवी, वर-खाली, पुढे-मागे. तिन्ही उलटल्या की किरण आल्या वाटेने परततो. मोटारीचा प्रकाश असा तिच्याच चालकाच्या डोळ्यांकडे येतो. 1969 मध्ये अपोलो-11 च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकातही असेच 100 कोपरे आहेत. पृथ्वीवरून सोडलेला लेसर किरण त्यावरून परततो आणि त्याला लागलेल्या वेळेवरून चंद्राचे अंतर मोजता येते.

दोन सपाट आरसे टेबलावर काटकोनात उभे करून विजेरीचा बारीक झोत त्यांवर टाका. जोडी थोडी फिरवली, तरी परतणारा झोत मूळ झोताला समांतरच राहील.

तरीही परावर्तक असला की दिवा नको, असे समजू नका. ज्याच्या सायकलीला दिवा नाही, त्याला परावर्तक काळाच दिसणार. शिवाय प्रकाश परावर्तकावरील धुळीतून दोनदा जातो. धूळ निम्मा प्रकाश अडवत असेल, तर परततो फक्त चौथा भाग!

तुमच्या घरी किंवा शेजारी ट्रॉली असेल, तर अंधार पडल्यावर विजेरी डोळ्याजवळ धरून पन्नास पावलांवरून तिच्यावर झोत टाका. लाल डोळे उघडले नाहीत, तर ओल्या फडक्याने परावर्तक पुसा आणि त्यांवर लोंबणारा ऊस बाजूला बांधायला सांगा. दोन मिनिटांच्या या कामाने कुणाचा तरी जीव वाचू शकेल.