प्रश्नातले दिवस बदलले आणि देशातल्या गरिबांचा आकडाच बदलला! काय होतं हे प्रकरण?

'देशातली गरिबी इतक्या टक्क्यांनी घटली' अशी बातमी आली की सोशल मीडियावर दोन गट पडतात. पण हा टक्का येतो कुठून? तो येतो सर्वेक्षणातून. आणि तिथे प्रश्न कसा विचारला, यावर उत्तर बरंच अवलंबून असतं.

गरिबी कशी मोजायचे?

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचे कर्मचारी घरोघरी जाऊन कुटुंबाचा खर्च विचारतात. ज्यांचा दरडोई खर्च दारिद्र्यरेषेच्या खाली, ते गरीब. अनेक वर्षं बहुतेक खर्चासाठी 'गेल्या ३० दिवसांत किती?' हा एकच कालावधी होता. त्या हिशेबाने १९९३-९४ मध्ये ३६ टक्के लोक गरीब होते.

मग गोंधळ कुठे झाला?

महिन्याभरापूर्वीची कोथिंबिरीची जुडी कुणाला आठवणार? असे किरकोळ खर्च सुटतात. म्हणून १९९० च्या दशकात काही कुटुंबांना खाण्यापिण्याचा खर्च ७ दिवसांचा विचारून पाहिला. सांगितलेला खर्च वाढला. खर्च वाढला म्हणजे कागदावर गरिबी घटली.

१९९९-२००० च्या फेरीत तर एकाच कुटुंबाला ७ आणि ३० असे दोन्ही प्रश्न विचारले गेले. एका उत्तराचा दुसऱ्यावर परिणाम होणारच. त्या फेरीतून गरिबी २६.१ टक्के निघाली. घट खरी किती आणि प्रश्न बदलल्यामुळे किती, यावर मोठा वाद झाला. अँगस डीटन आणि ज्याँ द्रेझ या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये आकडे दुरुस्त करून दाखवले : गरिबी घटली होती, पण सरकारी आकड्याइतकी नाही.

एकच सर्वेक्षण, दोन उत्तरं

२००४-०५ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास कुटुंबांची पाहणी झाली. सगळा खर्च ३० दिवसांचा धरला तर गरिबी २७.५ टक्के. कपडे, चपला, टिकाऊ वस्तू, शिक्षण आणि रुग्णालयाचा खर्च ३६५ दिवसांचा धरला तर २१.८ टक्के. लोक तेच, वर्ष तेच!

कारण सोपं आहे. गरीब घरात कपडे दर महिन्याला येत नाहीत. ३० दिवसांचं विचारलं तर उत्तर शून्य. वर्षाचं विचारलं की सणाला घेतलेले कपडे हिशेबात येतात.

फरक कुणाला पडतो?

१९९७ पासून कोणत्या राज्याला किती बीपीएल कुटुंबांसाठी स्वस्त धान्य मिळणार, हे नियोजन आयोगाच्या गरिबीच्या अंदाजावरून ठरायचं. म्हणजे प्रश्नावलीतला रकाना थेट रेशनच्या दुकानापर्यंत पोचायचा.

२०२२-२३ च्या सर्वेक्षणातही पद्धत बदलली. एकाच भेटीऐवजी तीन महिन्यांत तीन भेटी देऊन माहिती घेतली गेली. त्यामुळे हे आकडे २०११-१२ च्या आकड्यांशेजारी ठेवताना जपून.

आकडा फॉरवर्ड करण्याआधी हे बघा

• कुणाला विचारलं? त्यांची निवड कशी केली?
• नेमका प्रश्न काय होता?
• किती दिवसांचं विचारलं?
• आधीच्या वेळी हीच पद्धत होती का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर 'घटली' किंवा 'वाढली' म्हणण्याची घाई नको.