मिश्रविवाह : बोलबाला आणि वस्तुस्थिती

चार मंडळी जमली की, ‘हल्ली धर्माबाहेरचे विवाह घरोघर होऊ लागले’ असे उद्गार आमच्या कानी पडतात. कोणी त्यास सुधारणा म्हणतो, कोणी अनर्थ. आकडे मात्र क्वचितच कोणी पाहतो. प्यू संशोधन केंद्राने २०१९-२० साली भारतात केलेल्या पाहणीत विवाहित हिंदूंपैकी ९९ टक्क्यांचा जोडीदार हिंदूच आढळला. मुसलमानांत स्वधर्मीय विवाहांचे हे प्रमाण ९८ व ख्रिस्ती समाजात ९५ टक्के होते. उलट अमेरिकेत त्याच संस्थेच्या २०१४ च्या पाहणीत, २०१० नंतर विवाहबद्ध झालेल्यांपैकी ३९ टक्क्यांचा जोडीदार निराळ्या धर्मगटातला निघाला. अर्थात कोणताच धर्म न मानणारांशी झालेले विवाहही त्यांत आले.

मग आपल्याकडे आडवे काय येते? कायदा म्हणावा, तर तो पूर्वीइतका कठोर राहिलेला नाही. १८७२ च्या कायद्यान्वये विवाहेच्छूस आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती इत्यादी कोणत्याच धर्माचे नाही, असे लिहून द्यावे लागे. १९२३ साली हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांची आपापसांतील विवाहापुरती त्यातून सुटका झाली. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने तर स्वधर्म न सोडता अन्यधर्मीयाशी विवाह करण्याची मुभा सर्वांसच दिली. तथापि तीस दिवस आधी द्यावी लागणारी नोटीस कचेरीत लावली जाते, आणि घरच्यांचा विरोध असेल तर तो महिना वधूवरांस फार जड जातो.

खरा अडसर घरातच आहे. वरील पाहणीत ६७ टक्के हिंदूंनी व ८० टक्के मुसलमानांनी आपल्या समाजातील स्त्रियांस धर्माबाहेर विवाह करण्यापासून रोखणे अत्यंत महत्त्वाचे मानले.

आईबापांनी डोळे मिटून संमती द्यावी, असे आमचे म्हणणे नाही. वराचा स्वभाव व मिळकत अवश्य पाहावी. मुलांवर कोणते संस्कार होणार, हेही विचारावे. धर्मांतराची अट असल्यास ती कायद्याची नसून माणसांची आहे, हे मुलीस स्पष्ट सांगावे. मात्र एवढे करूनही तिचा निश्चय कायम राहिला, तर माहेरचे दार लावून घेऊ नये. संसारात संकट आलेच, तर तिने जावे कोठे? दार उघडे ठेवणे म्हणजे विवाहास मान्यता देणे नव्हे. आपली मुलगी आपलीच आहे, एवढेच त्यात म्हटलेले असते.